लसपेटीची तगमग

मी लसीची पेटी बोलतेय. जरा भरभर बोलते, राग मानू नका. पोटात बर्फ असला की तो वितळायच्या आत पोचायची घाई, आणि नसला की आता कधी भरणार म्हणून झुरायचं, यातच माझी हयात गेली. त्यात सध्या जीव टांगणीला लागलाय. वाडीच्या रस्त्यावर फटफटी वाजली की मला धडकी भरते. राजकुमार आला असेल तर माझा निकाल लागला म्हणून समजा. हा राजकुमार कोण आणि त्याच्याशी माझं काय वाकडं, ते सांगते. पण पहिल्यापासून सांगू द्या.

माझा जन्म वाळूजचा. पत्र्याच्या एका शेडमध्ये निळ्या प्लास्टिकचे दोन खोके एकात एक बसवले, मधल्या फटीत फेस ओतला, तो फुगून घट्ट झाला, आणि झाले मी. बाहेरचं ऊन आत येऊ द्यायचं नाही, आतला गारवा बाहेर सोडायचा नाही, एवढंच माझं शिक्षण. तिथं एक बाई प्रत्येक पेटीचं झाकण थापटून बघायची. मला तिनं दोनदा थापटलं आणि म्हणाली, "ही लई ठणठणीत हाय, हिला पुढं काढा." तेवढं एक कौतुक पदरात बांधून मी संभाजीनगरला, विद्यापीठाच्या विस्तार विभागात आले.

विस्तार म्हटल्यावर मला वाटलं, आता आपण गावोगाव हिंडणार. कसलं काय! माझ्या अंगावर पांढऱ्या रंगानं सात आकडा घातला आणि भांडारातल्या वरच्या फळीवर चढवून ठेवलं. दोन वर्षं! भांडार सांभाळायचा तो राजकुमार. माणूस वाईट नाही, पण यादीतली वस्तू जागेवर दिसली की त्याला झोप लागते. ती वस्तू कशाला आणली होती, हे त्याच्या गावीच नसतं. उन्हाळ्यात तो माझ्यात ताकाची बाटली ठेवायचा. एकदा कुणाच्यातरी निरोप समारंभाची पिस्ता कुल्फी ठेवली. मेंढरांचे जीव वाचवायला जन्मले मी, आणि चार महिने अंगाला पिस्त्याचा वास! मला नुसतं कसंनुसं व्हायचं.

मग एक दिवस तनुजा आली. विभागात नवीनच लागलेली जनावरांची डॉक्टर. घरची शेती, दारात म्हशी, त्यामुळं गुराढोरांची माया होती. मेंढरं मात्र तिनं रस्त्यावरून जातानाच पाहिलेली. तिला काम मिळालं होतं ते पिशोरच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याच्या धनगरवाडीचं. तीन वर्षांचा प्रकल्प. वाडीत जायचं, बायकांना आजार ओळखायला शिकवायचं, वेळेवर लस द्यायची, आणि हळूहळू ते काम वाडीच्याच हातात सोपवायचं. तिनं मला फळीवरून काढलं, साबणानं घासलं, उन्हात वाळवलं. मी मनात म्हटलं, चला, सुटले एकदाची.

धनगरवाडी म्हणजे नऊ-दहा घरं. आषाढापासून दिवाळीपर्यंत माणसं इथं, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली मुलखात, ती थेट पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला परत. त्या वाडीतले मोठे सोनाजीबाबा. त्यांची बायको कस्तुराबाई, मुलगा अजिनाथ वाळूजला कंपनीत पाळीवर जाणारा, आणि सून शालू. आम्ही पहिल्यांदा गेलो ते त्यांच्याच अंगणात. कस्तुराबाईनं घोंगडं अंथरलं, पाणी दिलं. तनुजानं बसल्या बसल्या फॉर्म काढला.

"बाबा, मेंढ्या किती आहेत तुमच्या?"

सोनाजीबाबांनी फेट्याचा शेव सारखा केला. "हायेत की."

"हो, पण किती?"

"देवाच्या दयेनं हायेत. जात्यात, चरत्यात, येत्यात."

"अंदाजे तरी सांगा ना. लस तेवढी आणायला लागते."

बाबांनी आभाळाकडं बघितलं. "असतील साठेक."

चुलीपुढं बसलेल्या शालूनं मान खाली घातली आणि कस्तुराबाईनं तोंडाला पदर लावला. तनुजाला काही कळलं नाही. मला तरी कुठं कळलं होतं? नंतर त्यांच्यात राहून कळलं. ही माणसं आपली मेंढरं मोजत नाहीत. मोजली तरी मनात, तोंडानं आकडा काढायचा नाही. आकडा बोलला की तो वाऱ्याला लागतो, वाघुरीला दृष्ट लागते, जित्राब घटतं. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. संध्याकाळी वाघुरीच्या तोंडाशी उभं राहून सोनाजीबाबा आत जाणाऱ्या एकेकीचं तोंड बघतात. कोण आली नाही ते त्यांना तोंडावरून कळतं. परक्या माणसानं किती म्हणून विचारलं तर निम्म्याच्या आसपास काहीतरी ठोकून द्यायचं, हा रिवाज. त्यात त्यांना खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. तुम्ही लेकराला तीट लावता, तसं.

तनुजानं साठ लिहून घेतले. भाद्रपदात आम्ही लस घेऊन गेलो. पीपीआरची, म्हणजे शेळ्यामेंढ्यांच्या बुळकांडीची लस. फार नाजूक असते हो ती. गारव्यातच ठेवायची, आणि एकदा पाण्यात कालवली की दोन तासांत संपवायची. साठांसाठी तनुजानं पन्नासाची एक आणि पंचविसाची एक, अशा दोन बाटल्या आणल्या होत्या. जास्तीच्याच म्हणायच्या. वाघुरीचं तोंड उघडलं. तनुजा टोचायची आणि पाठीवर लाल रंगाचा ठिपका मारायची. एक झाली, दुसरी झाली, मेंढरं आपली येतच राहिली. दोन्ही बाटल्या कोरड्या पडल्या तरी वाघुरीत गर्दी उरलेलीच.

आणि मग ती चुकली. रागानं नव्हे, घाबरून चुकली. आत शिरून बोटानं राहिलेली मेंढरं मोजली आणि साऱ्या वाडीदेखत ओरडली, "बाबा, पंच्याहत्तर झाल्या आणि अजून त्रेचाळीस बाकी आहेत! एकशे अठरा आहेत तुमच्या, एकशे अठरा!"

कस्तुराबाईच्या हातातली परात खाली पडली. "आगं बया बया!" एवढंच तिच्या तोंडून निघालं. ती घरात पळाली, मूठभर मीठ-मोहऱ्या आणल्या आणि वाघुरीभोवती ओवाळायला लागली. सोनाजीबाबा हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, ह्ये काय केलं तुमी?"

"मी पुढच्या खेपेला उरलेल्यांची आणते," तनुजा म्हणाली. पण तिचा आवाज पडला होता. लस मागवायची, ती यायची, यात तीन आठवडे तरी जाणार होते. परतीच्या वाटेवर माझ्या पोटात बर्फाचं नुसतं पाणी हिंदकळत होतं, आणि माझं मन काही थाऱ्यावर नव्हतं.

पंधरा दिवसांत आजार आला. मी तेव्हा तिथं नव्हते, मागून ऐकलं. वाडीतल्या कडुबानं बाजारातून एक शेळी आणली होती, तिच्या नाकाला पाणी होतं. मग सोनाजीबाबांच्या वाघुरीत एक मेंढी खोकली, दुसरीचं तोंड आलं, तिसरीला हगवण लागली. किती गेली, ते मी सांगणार नाही. आता मलाही सांगवत नाही. वाघुरीचा एक कोपरा मोकळा पडला, एवढंच सांगते. त्यात शालूची काजळी गेली. लग्नात माहेरानं दिलेली काळ्या डोळ्यांची मेंढी. शालू तिच्याशेजारी दिवसभर बसून तिच्या तोंडात तांदळाची पेज घालत होती. काजळी गेल्यावर ती रडली नाही. उठली, शेण भरलं, भाकरी थापल्या. मला मात्र फार वाईट वाटलं. माझ्यात आणखी एक बाटली असती तर काजळी जगली असती, हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

बातमी कळली तशी तनुजा उरलेल्यांची लस घेऊन धावत आली. पण आजार घुसल्यावर लस काय कामाची? सोनाजीबाबा अंगणातच उभे होते. "मॅडम, तुमचं वाईट चिंतीत नाय मी. पन तुमी आकडा काढला आन् जित्राब गेलं. आता आमच्या वाडीत येऊ नगा." तिनं समजवायचा प्रयत्न केला. पण तिलाच हुंदका आला, आणि ती तशीच गाडीत बसून गेली. मी ओट्यावर राहिले. कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

दोन दिवस मला कुणी शिवलं नाही. तिसऱ्या दिवशी कस्तुराबाईनं माझं झाकण उघडलं, आत हात फिरवला, धुतलं, आणि माझ्यात भाकरी ठेवल्या. भाकरी! कपड्यात गुंडाळलेल्या, चुलीवरच्या, वाफाळत्या! मी लस राखणारी पेटी, माझी ही गत? मी आतल्या आत चडफडले. पण रानातून उन्हातान्हाचे सोनाजीबाबा दुपारी आले आणि सकाळची भाकरी त्यांच्या हाताला ऊन लागली, तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडं नीट बघितलं. कस्तुराबाई म्हणाली, "गार राखती ती ऊनबी राखती. पेटीचा काय दोस हाय?" बाबांनी भाकरी दोन जास्त खाल्ल्या.

ही कस्तुराबाई मोठी धोरणी. अक्षरओळख नाही, पण वाघुरीतल्या एकेकीची कुळकथा तिला पाठ. एका संध्याकाळी मेंढरं आत जाताना ती नवऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली आणि तोंडानं नावं घ्यायला लागली. "मोरी आली. लाडी आली. तांबडी आली, तिची पाठ लाल हाय. भुरी आली, तिची बी लाल हाय." सगळी आत गेल्यावर म्हणाली, "आवं, येक सांगू का? ज्येंच्या पाठीला लाल लावलं व्हतं त्यातली येकबी गेली नाय. गेल्या त्या बिनलालाच्या. आकड्यानं मारायचं असतं तर लाल-बिनलाल कशाला बघितलं असतं?"

सोनाजीबाबा किती तरी वेळ वाघुरीच्या दोरीला गाठ मारत बसले. मला वाटतं त्यांना सगळं कळलं होतं. पण जन्मभर धरलेली गोष्ट अशी एका संध्याकाळी सुटते होय?

शालूनं मात्र ते ऐकलं आणि मनाशी ठरवलं. अजिनाथ सुट्टीला आला तेव्हा तिनं सगळ्यांसमोर विषय काढला. विद्यापीठात बायकांसाठी बारा दिवसांचं शिक्षण होतं, राहायची सोय होती. आजार ओळखायचा, सुई धरायची, लस सांभाळायची.

"सून सुई टोचाय शिकनार?" सोनाजीबाबा म्हणाले. "वाडी हसल."

"हसू द्या की," कस्तुराबाई म्हणाली. "तेवढंच दात दिसतील. माझी येवढी जित्राबं गेली तवा कोन हसाय आलं न्हाई आन् रडाय बी आलं न्हाई."

अजिनाथ हसला आणि म्हणाला, "मी सोडून येतो." दुसऱ्या दिवशी फटफटीवर पुढं तो, मागं शालू, आणि शालूच्या मांडीवर मी. विद्यापीठाच्या फाटकातून आत शिरताना शालूचे हात गार पडले होते. मला कळलं, कारण गारव्यातलं मला कळतं.

बारा दिवस मी तिच्याबरोबर होते. आधी संत्र्यावर सुई टोचायला शिकवली, मग बकऱ्यावर. शालूचा हात पहिल्यापासून बसलेला. मेंढराची कातडी कुठं सैल असते हे तिला शिकवायची गरजच नव्हती. एका दुपारी तनुजा तिच्याशेजारी पायरीवर येऊन बसली. "शालू, खरं सांग. माझं काय चुकलं?"

शालू म्हणाली, "मॅडम, आमी मेंढरं मोजीत नाय, वळखतो. तुमी किती म्हून इचारलं. कोन कोन हाय म्हून इचारलं असतं तर मामांनी समदी नावं घेतली असती."

तनुजानं कपाळाला हात लावला. मग हसली, मग डोळे पुसले. म्हणाली, "आणि मी पाच वर्षं शिकले!" पण प्रश्न उरलाच होता. लस आणायची तर किती ते ठाऊक हवं, आणि किती हे कुणी सांगणार नाही. त्या दोघी दोन दिवस त्यावरच बोलत होत्या. मला तर वाटलं, या नुसत्या बोलणार आणि दिवाळी येणार. शेवटी शालूच म्हणाली, "मला रिकाम्या बाटल्या द्या, तिन्ही मापाच्या."

परत आल्यावर तिनं सोनाजीबाबांपुढं बाटल्या मांडल्या. मोठ्या शंभराच्या, मधल्या पन्नासाच्या, धाकट्या पंचविसाच्या. "मामा, मी काय मोजाय सांगत नाय. आपल्या वाघुरीला औषिद किती लागल तेवढं निस्तं काढून ठिवा. ही मोठी किती जनीस्नी पुरती, ही मधली किती, तेवढं सांगते."

बाबांनी ऐकून घेतलं. बाटल्यांकडं बघितलं, सुनेकडं बघितलं, आणि काठी घेऊन रानात निघून गेले. शालूचा चेहरा उतरला. संध्याकाळी परत आले, पाय धुतले, आणि एक मोठी बाटली माझ्यावर आणून ठेवली. मग मधली उचलली, खाली ठेवली, आणि धाकटी ठेवली. "ह्येवढं पुरं," म्हणाले. शालूनं मान हलवली. कस्तुराबाई आतून म्हणाली, "औंदा कोकरं झाल्यात बरं का." बाबांनी गुपचूप आणखी एक धाकटी काढून ठेवली.

मग वाडीच्या घराघरांतून बाटल्या आल्या. कडुबानं तर मुद्दाम एक जास्तीची पाठवली; त्याला मागची शेळी मनातून खात होती. तनुजानं फॉर्मवरचा 'मेंढ्यांची संख्या' हा रकाना खोडला आणि 'लागणारं औषध' असं लिहिलं. तिच्या वरच्या साहेबांनी भुवया चढवल्या म्हणे, पण सही केली. तिनं पुन्हा वाडीत यावं असा निरोप मात्र कुणाकडून गेला नव्हता. म्हणून मला घेऊन विद्यापीठातून लस आणायला अजिनाथच गेला.

तो दिवस आठवला की माझं अंग अजून तापतं. दिवाळी तोंडावर आलेली, चार दिवसांत वाडी खाली मुलखात निघणार, आणि कन्नडच्या बाजारातून पुन्हा आजाराची बातमी. अजिनाथनं रात्रपाळी संपवली आणि मला फटफटीला रबरानं बांधलं. पोटात चार बर्फाच्या पिशव्या, मधोमध बाटल्या. फुलंब्री सोडली आणि फुस्स! मागचं चाक बसलं. ऑक्टोबरचं ऊन तर तुम्हाला ठाऊकच आहे. पंक्चरच्या दुकानापर्यंत ढकलत नेईपर्यंत माझ्यातल्या दोन पिशव्या मऊ पडल्या. मी मनात ओरडत होते, अरे लवकर कर रे बाबा! अजिनाथनं मला लिंबाच्या सावलीत ठेवलं, दुकानातलं पोतं भिजवून माझ्यावर टाकलं. पंक्चर काढणारा माणूस मला न्याहाळत म्हणाला, "क्या है इसमें? मच्छी?" आणि झाकणाला हात घातला. तसा अजिनाथ असा खेकसला की तो दोन पावलं मागं सरला. "आरं उघडू नको! माझ्या घरचा जीव हाय त्यात!"

वाडीत पोचलो तेव्हा शालू रस्त्यातच उभी होती. तिनं पहिल्यांदा थर्मामीटर बघितलं. सात! आठाच्या वर चढलं असतं तर सगळं मुसळ केरात. तिनं घाम पुसला आणि पहिली बाटली कालवली. आता दोन तास.

वाघुरीच्या तोंडाशी कोण उभं होतं सांगू? सोनाजीबाबा. एकेकीला नावानं हाक मारत होते. "ये गं मोरे. ये लाडे, भिऊ नको. आगं भुरे, आपलीच सून हाय ती, टोचू दी." हाक मारायची, धरायची, शालूनं टोचायचं, कस्तुराबाईनं पाठीला लाल लावायचं. एकही सुटली नाही. नावं घेतल्यावर सुटणार कशी? एका वाघुरीचं आटोपलं की शालू मला उचलून दुसऱ्या वाघुरीकडं पळायची आणि तिथं नवी बाटली कालवायची. दिवस कलायच्या आत वाडीतलं सगळं जित्राब लाल झालं. शालूच्या बोटांना फोड आले होते. सोनाजीबाबांनी ते बघितलं, आणि म्हणाले, "जा, आदी भाकर खा." त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे शाबासकीच.

त्या वर्षी मुलखात दोन वाड्यांच्या मेंढरांना आजार लागला. आमची सगळी आषाढात परत आली. मग तनुजाला निरोप कस्तुराबाईनंच धाडला, पुरणपोळीचा. पुढं अजिनाथचं कंपनीतलं काम चार महिने बंद पडलं, तेव्हा घर त्या मेंढरांवरच तगलं. वाळूजहून तो परत आला तर त्याला यायला जागा होती. शेजारच्या वाड्या शालूला बोलावायला लागल्या. पिशोरचा कुल्फीवाला तिच्या बर्फाच्या पिशव्या आपल्या फ्रीजमध्ये गोठवून देतो. म्हणजे कुल्फीचं सावट अजून माझ्यावर आहेच, पण आता माझी तक्रार नाही.

मार्चमध्ये तीन वर्षं संपली. प्रकल्प बंद. तनुजाला दुसऱ्या जिल्ह्यातल्या कामावर घेतलं. जाताना ती शालूला म्हणाली, "मी नसले तरी तुला अडू नये, त्यासाठीच सगळं होतं." मला बरं वाटलं. मी म्हटलं, आता इथंच जुनी होईन. बिजागरी तुटली आहे, लोकरीच्या दोरीनं बांधलंय, पण अंगातला गारवा शाबूत आहे.

आणि वाडी मुलखातून परत आल्यावर, अकरा दिवसांपूर्वी, राजकुमार आला. हातात यादी. "पेटी नंबर सात," म्हणाला. "प्रकल्प खतम, सामान जमा करायचंय."

शालू म्हणाली, "न्हेऊन काय करनार?"

"ठेवणार."

"आवं, पन परवा तीन वाड्यांची लस हाय. ह्या पेटीबिगर कशात आनू मी?"

राजकुमार खरंच ओशाळला. "वहिनी, माझ्या हातात काय है? पण एक रस्ता आहे. वस्तू वापरात आहे असा अर्ज केला तर इथंच ठेवता येते. मेंढरांच्या मालकाचं नाव आणि किती जनावरांना लस दिली तो आकडा. बस."

"बाटल्या सांगते की."

"बाटल्यांचा रकाना नाही ह्यात. हा भांडाराचा फॉर्म है. जनावरांचा आकडाच लागतो, आणि मालकाचा अंगठा." मग त्यानं आवाज उतरवला. "कुछ भी लिहू का? शंभर? कोण बघतंय?"

शालूला आकडा ठाऊक नव्हता थोडाच! एकेक सुई तिच्या हातची. पण सासऱ्याच्या वाघुरीचा आकडा सुनेनं तोंडानं काढायचा नसतो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते काजळीच्या वेळीसुद्धा आलं नव्हतं. आजूबाजूची माणसं जमली होती. राजकुमारनं वाट बघितली, मग वाकून माझ्या कडीला हात घातला.

"थांब," सोनाजीबाबा म्हणाले. ते ओट्यावर बसले होते, ते उठून उभे राहिले. "कायबी लिहू नगं. खोटा आकडा सांगून मी येकदा बघितलंय. लई म्हाग पडलं."

कस्तुराबाई दारात आली. "आवं..."

"आसू दी." त्यांनी वाघुरीकडं पाठ केली, म्हणजे तिला ऐकू जाऊ नये म्हणून असेल. ओठ हलले, पण आवाज निघेना. दुसऱ्यांदा निघाला. "लिही. येकशे येकतीस. समदी हिच्या हातची टोचलेली. आन् आता पेटी खाली ठिव."

राजकुमारनं आकडा लिहिला, अंगठा घेतला, मला खाली ठेवलं आणि गेला. कस्तुराबाई मीठ-मोहऱ्या घेऊन वाघुरीकडं निघाली होती. घाईत निम्म्या वाटेतच सांडल्या.

त्या तीन वाड्यांची लस मी आणली. पण अर्जाचं उत्तर नाही. मंजूर झाला तर मी इथं, नाहीतर राजकुमार पुन्हा येणार आणि मी फळीवर. माझं सोडा. म्हाताऱ्याकडं बघवत नाही. एक कोकरू शिंकलं तरी दचकून उठतात. संध्याकाळी वाघुरीच्या तोंडाशी एकेकीचं तोंड दोन-दोनदा बघतात. आकडा बोलल्याची भीती त्यांच्या हाडात आहे, ती एका दिवसात जाणार नाही, आणि ती अंगावर घेऊनच ते बोलले.

म्हणून तुम्हाला हात जोडते. नसलेले हात जोडते. तुमच्यातलं कुणी त्या कार्यालयात असेल, कुणाचा भाऊ असेल, कुणाचा जावई असेल, तर त्याला एवढं सांगा. कुठल्यातरी टेबलावर, कुठल्यातरी फायलीखाली धनगरवाडीचा कागद पडला आहे. तो वर काढा. सोनाजीबाबांनी त्यावरचा आकडा जन्मात एकदाच तोंडानं काढलाय.